एम.२ एसएसडीवर हीटसिंक बसवताना या चुका टाळा

मदरबोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी नवी एनव्हीएमई एसएसडी (पट्टीसारखा वेगवान ड्राइव्ह) बसवली, वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावला, तरी मोठी फाइल कॉपी करताना वेग कोसळतो आणि तापमान ८० अंशांच्या पुढे जातं. मग ड्राइव्ह खराब आहे असं समजून तो दुकानात परत केला जातो. प्रत्यक्षात ड्राइव्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चिप आणि धातू यांच्यामध्ये नको ते काहीतरी राहिलेलं असतं, नाहीतर उष्णता धातूपर्यंत नेणारा मऊ थर्मल पॅड तिथे पोहोचलेलाच नसतो. हा सगळा खेळ अर्ध्या-एक मिलिमीटरचा आहे.

पॅडवरची फिल्म

सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते. मदरबोर्डच्या हीटसिंकखाली जो थर्मल पॅड असतो, त्यावर पातळ पारदर्शक किंवा निळसर प्लास्टिकची फिल्म असते. ती तशीच ठेवून हीटसिंक आवळला की उष्णता अडते. फिल्म जेमतेम कागदाएवढी असली तरी पॅड चिपला चिकटत नाही, मध्ये हवा राहते आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. काही बोर्डांवर स्लॉटच्या तळाशीही दुसरा पॅड असतो. त्याची फिल्म वेगळी काढावी लागते आणि नेमकी तीच विसरली जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. संगणक नुसता चालू असताना तापमान बरं दिसतं, पण कॉपी सुरू करताच मिनिटा-दोन मिनिटांत ते सरळ वर चढतं आणि हीटसिंकला हात लावला तर तो गारच लागतो. चिप तापलेली आणि धातू गार, याचा अर्थ दोघांची गाठच पडलेली नाही. संपर्क नीट असेल तर हीटसिंकही तापतो.

फिल्म काढायची, पण एसएसडीवरचं लेबल काढायचं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. अनेक कंपन्यांच्या लेबलाखाली तांब्याचा पातळ थर असतो, तो उष्णता पसरवायलाच दिलेला असतो. शिवाय लेबल फाटलं की वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पॅड थेट लेबलवर बसवा.

एका ड्राइव्हवर दोन हीटसिंक

कंपनीने आधीच हीटसिंक लावलेला ड्राइव्ह घ्यायचा आणि तो बोर्डाच्या हीटसिंकखाली बसवायचा प्रयत्न करायचा, ही दुसरी चूक. सॅमसंग ९९० प्रो साध्या रूपात २.३ मिमी जाड आहे, हीटसिंकसह ८.२ मिमी. बोर्डाचं झाकण पहिल्या जाडीसाठी बनवलेलं असतं. दुसऱ्यावर ते बसत नाही, आणि जोर लावून बसवलं तर ड्राइव्हची पट्टी वाकते. बरेच जण पीएस५ (प्लेस्टेशन ५) साठी सांगितलेला हीटसिंकवाला ड्राइव्ह पीसीसाठी आणतात आणि इथे अडकतात. पीएस५ मध्ये हीटसिंक धरून ११.२५ मिमी उंचीची मुभा आहे, म्हणून तिथे तो चालतो.

बोर्डाला स्वतःचा हीटसिंक असेल तर साधा ड्राइव्ह घ्या. हीटसिंकवाला आधीच घेतला असेल तर त्या स्लॉटवरचं बोर्डाचं झाकण काढून बाजूला ठेवा आणि ड्राइव्ह आहे तसा लावा. कंपनीचा हीटसिंक उचकटू नका. तो अनेकदा चिकट पॅडने घट्ट बसवलेला असतो आणि ओढताना चिप सुटून येते.

उंच हीटसिंक लावण्याआधी ग्राफिक्स कार्ड बसवून खालची मोकळी जागा मोजा. प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये मोठ्या एअर कूलरचा अडथळा येतो. छोट्या मिनी-आयटीएक्स बोर्डांवर काही वेळा स्लॉट मागच्या बाजूला असतो, तिथे जाड हीटसिंकला जागाच नसते.

वाकलेला ड्राइव्ह

ड्राइव्ह एका बाजूला चिप असलेले आणि दोन्ही बाजूंना चिप असलेले, असे दोन प्रकारचे असतात. मोठ्या क्षमतेचे अनेक ड्राइव्ह दुसऱ्या प्रकारात येतात. बसवण्यापूर्वी ड्राइव्ह उलटा करून पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

एकाच बाजूला चिप असेल तर पट्टीच्या खाली पोकळी राहते. वरून हीटसिंकचा दाब आला की मधला भाग खाली झुकतो. त्यासाठीच काही बोर्डांसोबत रबराचा छोटा तुकडा येतो. तो स्लॉटच्या मध्यावर, बोर्डावर चिकटवायचा असतो, म्हणजे पट्टीला खालून आधार मिळतो. पुष्कळ वेळा तो तुकडा सीपीयू कूलरच्या जास्तीच्या स्क्रूंबरोबर खोक्यातच पडून राहतो. उलट दोन्ही बाजूंना चिप असताना तो रबर लावला तर पट्टी वर फुगते. तेव्हा रबर काढायचा आणि तळाचा थर्मल पॅड वापरायचा.

झाकण लावल्यावर बाजूने, डोळा बोर्डाच्या पातळीवर आणून पाहा. पट्टी सरळ रेषेत दिसली पाहिजे. थोडीही कमान दिसली तर आवळणं थांबवा. चिपखालचे सोल्डरचे मणी फार बारीक असतात. वाकलेल्या अवस्थेत रोज तापत आणि थंड होत राहिले तर त्यांना तडा जातो, आणि मग काही महिन्यांनी ड्राइव्ह मधूनच गायब होऊ लागतो.

पॅड किती जाड? आणि पेस्ट का नको?

जुना पॅड फाटला म्हणून नवा लावताना जाडीचा अंदाज चुकतो. बाजारात साधारण ०.५, १ आणि १.५ मिमीचे पॅड मिळतात. पातळ पडला तर कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या मुख्य चिपला) टेकतच नाही. जाड पडला तर पट्टी वाकते किंवा झाकणाचे स्क्रू पोहोचत नाहीत. जुन्या पॅडचा न दबलेला कोपरा मोजा आणि तीच जाडी घ्या. पाकिटावरचा वहनक्षमतेचा मोठा आकडा पाहून चुकीच्या जाडीचा पॅड घेण्यापेक्षा बरोबर जाडीचा साधा पॅड कितीतरी चांगला. जाडीविषयी शंका असेल तर मऊ पॅड घ्या, तो दबून जुळवून घेतो. दोन पॅड एकावर एक ठेवू नका.

प्रोसेसरची पेस्ट इथे चालत नाही. कंट्रोलर, डीरॅम (तात्पुरती मेमरी) आणि नँड (फाइली साठवणारी मेमरी) या चिपांची उंची सारखी नसते. पेस्ट एका चिपला लागेल आणि दुसरीपाशी फट राहील. ती फट भरण्यासाठीच पॅड असतो. पॅड आखूड असेल तर तो कंट्रोलरवर यायलाच हवा, सर्वाधिक उष्णता तिथेच तयार होते. नँड थोडी गरम चालली तरी बिघडत नाही.

स्टँडऑफ आणि स्क्रू

एम.२ च्या नावातले आकडे मापच सांगतात. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. बोर्डावर ४२, ६०, ८०, ११० मिमीची भोकं असतात आणि पितळी स्टँडऑफ (ज्यात स्क्रू बसतो तो छोटा खांब) ड्राइव्हच्या टोकाखाली हवा. तो ६० च्या जागी राहून गेला आणि वर २२८० लावला, तर तो पट्टीच्या पोटाला टोचतो आणि शॉर्टचीही भीती असते. स्टँडऑफ अजिबात नसेल तर टोक बोर्डावर दाबलं जातं आणि पट्टी तिरकी होते.

ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवा. सोनेरी पट्ट्यांचा जेमतेम केसभर भाग बाहेर दिसावा. त्याहून जास्त दिसला तर तो अर्धवट बसलाय. सोडल्यावर टोक वर उचललेलं राहतं, ते बरोबर आहे. मग बोटाने खाली दाबून स्क्रू लावा. हा एम२ मापाचा बारीक स्क्रू असतो, बोटांच्या चिमटीने आवळण्याइतकाच जोर पुरे. योग्य मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकं घासून जातं. हीटसिंकला दोन-तीन स्क्रू असतील तर एकच पूर्ण आवळू नका, आळीपाळीने थोडे थोडे फिरवा.

हे सगळं सुरू करण्याआधीचा क्रम असा: एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, आणि मगच ड्राइव्हला हात लावा.

ड्राइव्ह दिसतच नाही

इथे हीटसिंक काढून पुन्हा पुन्हा बसवत बसण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. इंटेल बी५६० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर पहिला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि तो फक्त ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर चालतो. १०व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर तो स्लॉट मेलेलाच वाटतो. ड्राइव्ह दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवला की लगेच दिसतो. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, त्यात एम.२ साटा (जुन्या, संथ जोडणीचा) ड्राइव्ह बसतो पण ओळखला जात नाही. काही स्लॉट वापरले की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, म्हणून नवी एसएसडी लावताच जुनी हार्ड डिस्क गायब होते.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोज बसवताना दिसत नाही, असं ११व्या पिढीपासूनच्या इंटेलवर झालं तर कारण बहुधा व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळण्याची सोय) हे बायोसमधलं सेटिंग असतं. इंटेलचा आरएसटी हा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या किंवा व्हीएमडी बंद करा. मात्र विंडोज आधीच बसलेली असेल तर ते बंद करू नका, निळा स्क्रीन येऊन विंडोज सुरूच होणार नाही. विंडोज चालू आहे आणि फक्त नवा ड्राइव्ह दिसत नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तो जीपीटी (विभागणीचा नवा प्रकार) म्हणून सुरू करायचा राहिलाय.

वेग पडतो, पण उष्णतेमुळेच का?

५० ते १०० जीबीची फाइल कॉपी करा आणि शेजारी तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडा ठेवा. वेग पडला त्या क्षणी तापमान किती होतं, तेवढं पाहा. सॅमसंग ९८० प्रोमध्ये इशाऱ्याची मर्यादा ८२ अंश आणि धोक्याची ८५ अंश आहे. तुमच्या ड्राइव्हच्या मर्यादा स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅममध्ये दिसतात. मर्यादेजवळ वेग पडला आणि थंड झाल्यावर परत चढला, तर दोष थंड करण्यात आहे. तापमान ५५ च्या आसपास असताना पडला, तर एसएलसी कॅश (लिहिताना आधी वापरला जाणारा ड्राइव्हचा वेगवान भाग) भरली आहे. ती ड्राइव्हची रचनाच आहे, क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हमध्ये फारच जाणवते, आणि कोणताही हीटसिंक त्यावर उपाय नाही.

सुरुवातीपासूनच वेग सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास अडकला असेल तर जेन ४ ड्राइव्ह जेन ३ वर (पीसीआयई जोडणीच्या आधीच्या, संथ पिढीवर) चालतोय. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ट्रान्सफर मोडपुढे दोन नोंदी असतात, पहिली सध्याची, दुसरी ड्राइव्हची क्षमता. रायझन ५६००जी सारखे प्रोसेसर जेन ३ च देतात, त्यामुळे बी५५० बोर्डावरही जेन ४ ड्राइव्ह तिथेच थांबतो. चार लेनऐवजी (लेन म्हणजे माहिती जाण्या-येण्याचा मार्ग) दोनच लेन दिसल्या तर आधी स्लॉटची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा, मग ड्राइव्ह काढून नीट बसवा.

सगळं बरोबर असूनही तापमान वर राहत असेल तर हवेकडे बघा. हीटसिंक ड्राइव्हला कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना, ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेत सापडलेला स्लॉट हिवाळ्यातला आकडा दाखवणार नाही. पुढून हवा आत घेणारा एक पंखा लावा, किंवा ड्राइव्ह कार्डापासून दूरच्या स्लॉटमध्ये हलवा. जेन ५ ड्राइव्हला तर हीटसिंक अनिवार्य समजा. इंटेल झेड७९० वर जेन ५ एम.२ स्लॉट वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनपैकी आठच उरतात, हेही ध्यानात असू द्या.

काढताना

पॅड महिनोन्‌महिने चिकटून राहिलेला असतो. झाकण सरळ वर ओढलं तर ड्राइव्हही त्याबरोबर उचलला जातो आणि स्लॉटचं कनेक्टर तुटतं. काढण्याआधी पाच-दहा मिनिटं मोठी फाइल कॉपी करून ड्राइव्ह गरम करा, म्हणजे पॅड मऊ पडतो. मग संगणक बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, ड्राइव्हचं टोक एका बोटाने खाली धरा आणि झाकण डावी-उजवीकडे किंचित हलवत सुटं करा. सुटत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, पट्टीच्या कडेला मोहरीएवढे कपॅसिटर असतात आणि त्यातला एक निखळला तरी ड्राइव्ह बंद पडू शकतो.