परदेशातून सॉफ्टवेअर मागवताय? आधी कुठलं इंग्रजी ते ठरवा

न्यू जर्सीची ताई दिवाळीला वडोदऱ्याला येणार म्हटलं, की ‘येताना एवढं सॉफ्टवेअर घेऊन ये’ असा निरोप दांडिया बाजारातून जातोच. त्यात नुसतं ‘इंग्लिश व्हर्जन’ म्हणू नका. विंडोज मागवायची असेल तर आधी आपल्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जाऊन डिस्प्ले लँग्वेज कोणती आहे ते कागदावर उतरवा. विंडोजच्या डाउनलोडमध्ये दोन इंग्रजी असतात: इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल. दुसरी म्हणजे ब्रिटिश. मशीनवरची मूळ विंडोज अमेरिकन आणि आणलेली ब्रिटिश निघाली, तर अपग्रेडच्या वेळी फाइली आणि प्रोग्राम जागच्या जागी ठेवण्याचा पर्याय मिळत नाही. सगळे प्रोग्राम पुन्हा टाकत बसावं लागतं. मशीनची भाषा कोणी मध्येच बदलली असेल तर मूळ भाषा वेगळी असू शकते, तेही विचारून घ्या.

वर्डसाठी एवढी काळजी नको. ‘कलर’ यू घालून लिहायचा की यू गाळून, हे रिव्ह्यू टॅबमधल्या सेट प्रूफिंग लँग्वेजमध्ये बदलता येतं. तिथे इंग्लिश इंडियाही आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दामागे त्या देशाचा कायदा असतो. अमेरिकन आवृत्ती सेल्स टॅक्स धरते, ब्रिटिश व्हॅट. आपले सीजीएसटी-एसजीएसटी दोन्हींत शोधत राहाल. ब्रिटिश ‘स्टॉक’ म्हणजे गोदामातला माल. अमेरिकन त्याला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतो आणि स्टॉक म्हटलं की त्याला शेअर आठवतात. ‘टर्नओव्हर’ ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच उलाढाल, अमेरिकेत बहुधा माणसं नोकरी सोडण्याचं प्रमाण. ‘चेकिंग अकाउंट’ हे रोजच्या व्यवहाराचं साधं खातं. ब्रिटिश त्यालाच ‘करंट अकाउंट’ म्हणतात, आपल्याकडे मात्र करंट खातं पेढीचं. पेढीचं जीएसटी रिटर्न भरायचं असेल तर हे सॉफ्टवेअर बाहेरून आणूच नये, असं आमचं मत.

किमतींची तुलना करताना लक्षात ठेवा: अमेरिकन साइटवरच्या आकड्यात कर नसतो, तो राज्याप्रमाणे शेवटी चढतो. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकाला दिसणाऱ्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो. पैसे इथून भरणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. २०२० च्या नियमापासून नव्या कार्डांवर ते बंदच येतात. पत्ता भरताना सर्वांत आधी देश निवडा. अमेरिकन फॉर्ममधला झिप कोड ५ अंकी, आपला ३९०००१ सहा अंकी, म्हणून रकाना तो घेत नाही. तिथे ताईचा झिप टाकला तर पत्ता कार्डाशी न जुळल्याने व्यवहार अडू शकतो. गिफ्ट कार्डाचा मोह नको. मायक्रोसॉफ्टचं गिफ्ट कार्ड ज्या देशात घेतलं तिथल्याच खात्यावर चालतं.

सॉफ्टवेअर आल्यावर सर्वांत जास्त घोळ तारखांचा. अमेरिकन साइटवरून उतरवलेल्या यादीत ०४/०३/२०२५ म्हणजे ३ एप्रिल. आपल्या एक्सेलमध्ये ती ४ मार्च होऊन बसते आणि कोणाला पत्ता लागत नाही. ०४/२५/२०२५ ला महिनाच सापडत नाही, म्हणून ती मजकूर होऊन रकान्यात डावीकडे चिकटते. अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्याही चुकल्या समजा. अशी फाइल डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून आत घ्या आणि तारखेचा क्रम महिना-दिवस-वर्ष असा सांगा. रीजन इंडिया ठेवलं की १२,३४,५६७ असे स्वल्पविरामही जागेवर येतात.

कागद ए-फोर निवडा. अमेरिकन लेटर त्याहून ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड; ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर ‘लेटर’ मागत अडून बसतो.

कीबोर्डची मांडणीही तपासा. आपले कीबोर्ड अमेरिकन धाटणीचे. मांडणी ब्रिटिश झाली, तर शिफ्ट धरून २ दाबल्यावर ‘अ‍ॅट’ऐवजी दुहेरी अवतरण उमटतं, आणि पासवर्डच्या ठिपक्यांत ते दिसत नाही. आधी युजरनेमच्या चौकटीत टाइप करून बघा.

अ‍ॅक्टिव्हेशनसाठी फोनवर मदत मागायची वेळ आली तर किल्लीची (प्रॉडक्ट की) २५ अक्षरं पाच-पाचच्या गटांत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या किल्लीत शून्य आणि ओ, एक आणि आय वापरत नाहीत; तसं काही दिसलं तर वाचण्यात चूक झाली आहे. ‘डबल सेव्हन’ म्हणू नका, ‘सेव्हन सेव्हन’ म्हणा. ‘प्रेस पाउंड’ ऐकलं की हॅशचं बटण दाबायचं. तिकडे फोन लावताना वेळही बघा: न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०, लंडनचे ९ म्हणजे दुपारचे १.३० किंवा २.३०.