मेल येतात पण जात नाहीत? नेटवाल्याला फोन लावण्याआधी हे करून बघा

माझ्या आतेभावाचं वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. दिवसभराच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, संध्याकाळी स्कॅन करायच्या, पार्ट्यांना मेल करायच्या आणि शटर खाली, असा रोजचा क्रम. मागच्या उन्हाळ्यात त्याने नेटचं कनेक्शन बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून आउटबॉक्समध्ये मेलांचा ढीग साचायला लागला. पार्ट्यांचे मेल मात्र धडाधड येत होते. "नेटवाला म्हणते कम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे, कम्प्युटरवाला म्हणते नेटचा आहे. मधात माहा जीव चालला," तो फोनवर वैतागला होता.

दोघंही अर्धे खरे निघाले. मेल यायचा रस्ता वेगळा आणि जायचा वेगळा. नेटवर प्रत्येक कामाला नंबर दिलेलं वेगळं दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. येणारे मेल बहुतेक वेळा 993 नंबरच्या पोर्टवरून येतात; जाणारे 25, 465 किंवा 587 वरून जातात. त्यामुळे "यूट्यूब चालू आहे ना, मग नेट ठीकच आहे" हे कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर इथे कामाचं नाही.

आधी एरर वाचा

बहुतेक जण ती खिडकी न वाचताच बंद करतात. तिच्यात तीन आकडी नंबर असेल तर तो लिहून घ्या. 4 ने सुरू होणारा नंबर म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. 5 ने सुरू होणारा म्हणजे सरळ नकार. 535 आला तर युजरनेम-पासवर्डचं बघा, नेटवाल्याचा त्यात काही संबंध नाही. 550 सोबत 'रिले' असा शब्द दिसला तर सर्व्हरने, म्हणजे मेल पुढे पाठवणाऱ्या कम्प्युटरने, तुम्हाला ओळखलं नाही, म्हणजे पाठवताना लॉगिनच होत नाहीये. आणि नंबरच नाही, नुसतं 'टाइम्ड आउट' किंवा 'सर्व्हरशी कनेक्ट होता आलं नाही' असं असेल, तर संशय रस्त्यावर घ्यायचा.

तोच मेल ब्राउझरमधून पाठवा

ब्राउझरचं काम 443 पोर्टवरून चालतं आणि तो कोणी बंद ठेवत नाही. तिथून मेल गेला तर खातं ठणठणीत आहे, शिवाय आजचं काम अडत नाही. तिथूनही गेला नाही तर नेटवाल्याला सोडा, मेल सेवा देणाऱ्याला धरा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर

कम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि आउटलुकमधूनच (म्हणजे कम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रॅममधूनच) पाठवून बघा. गेला, तर गडबड ऑफिसच्या नेटमध्ये किंवा राउटरमध्ये. पण गेला नाही म्हणून लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. भावाच्या कम्प्युटरवाल्याने नेमकं तेच केलं. हॉटस्पॉटवरही मेल जाईना, म्हणून तो विंडोज नव्याने टाकायला निघाला होता. 25 नंबरचा पोर्ट मोबाइल कंपन्याही बंद ठेवू शकतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पोर्ट तपासा

खरा उलगडा इथे होतो. विंडोजमध्ये पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. 'टेस्ट', हायफन, 'नेटकनेक्शन' हे जोडून टाइप करा, मग स्पेस, तुमच्या जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, स्पेस, हायफन लावून 'पोर्ट', स्पेस आणि 25. सगळं इंग्रजी अक्षरांत. काही सेकंदांनी शेवटच्या ओळीत 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येईल. मग हेच 465 आणि 587 साठी करा. भावाच्या ऑफिसात 25 ला फॉल्स आलं आणि 587 ला लगेच ट्रू. जुन्या कनेक्शनवर 25 उघडा होता, नव्यावर बंद. आउटलुकमधली सेटिंग मात्र जुनीच.

25 बंद ठेवण्यात नेटवाल्याचा खोडसाळपणा नसतो, हे मी त्याच्या बाजूने सांगेन. 1982 साली मेल पाठवण्याची पद्धत ठरली तेव्हा तिच्यात पासवर्डची सोयच नव्हती. पुढे व्हायरस लागलेले घरोघरचे कम्प्युटर याच पोर्टवरून कचरा मेल ओतायला लागले, म्हणून जगभर घरगुती कनेक्शनवर तो बंद करण्याची रीत पडली. ग्राहकांचे मेल लॉगिन करून जावेत यासाठी 587 हा वेगळा पोर्ट 1998 मध्येच ठरला. तेव्हा "25 उघडून द्या" म्हणून भांडू नका, आपणच रस्ता बदला.

सेटिंग बदला

आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, तिथून सर्व्हर सेटिंग्ज. आउटगोइंग पोर्ट 587 करा आणि एन्क्रिप्शन 'स्टार्टटीएलएस' निवडा. 465 वापरणार असाल तर 'एसएसएल/टीएलएस'. ही जोडी चुकली की पोर्ट उघडा असूनही मेल अडतो. आउटगोइंग सर्व्हरला लॉगिन लागतं, ती खूणही तपासा. भावाचं काम दोन मिनिटांत झालं, साचलेल्या बिल्ट्या एकामागून एक सुटल्या.

जीमेलचं खातं असेल आणि 535 येत असेल तर नेहमीचा पासवर्ड टाकून उपयोग नाही. मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांवर जुन्या प्रोग्रॅमांसाठी तो चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढा आणि तोच टाका.

छोटे मेल जातात, मोठे अडकतात

आधी फाइलचं वजन बघा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे आणि मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे 20 एमबीचा स्कॅनही परत येऊ शकतो. पण अर्ध्या एमबीची फाइलसुद्धा अडत असेल तर राउटरमधला एमटीयू हा आकडा तपासा, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं त्याचं माप. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनवर तो 1492 हवा. 1500 राहिला तर मोठी पाकिटं वाटेत गळू शकतात.

आयपी काळ्या यादीत

आयपी म्हणजे नेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता. परत आलेल्या मेलमध्ये 550 सोबत स्पॅमहॉससारखं (कचरा मेल पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या संस्थेचं) नाव असेल, तर तुमचा आयपी पत्ता यादीत आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होताना दिसला, तर एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे. शेजाऱ्याच्या कर्माची फळं तुम्हाला! राउटर बंद-चालू केल्याने कधी दुसरा पत्ता मिळतो, पण भरवसा नाही. 587 वरून लॉगिन करून पाठवलं की ही कटकट सहसा उरत नाही. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तर मात्र स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या आणि रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे त्या पत्त्यावरून सर्व्हरचं नाव कळण्याची, नोंद नेटवाल्याकडून करून घ्या.

तरीही नाही गेला तर

ऑफिसच्या नेटवर 465 आणि 587 दोन्हींना फॉल्स आणि हॉटस्पॉटवर ट्रू येत असेल, तर आधी अँटिव्हायरस आणि राउटरची फायरवॉल थोडा वेळ बंद करून बघा. तरी फॉल्सच आलं तर खुशाल तक्रार करा. "मेल जात नाही" एवढंच म्हणालात तर "राउटर रिस्टार्ट करा" एवढंच ऐकायला मिळेल. सर्व्हरचं नाव, पोर्ट, वेळ आणि दोन्ही नेटवरच्या निकालाचे स्क्रीनशॉट पाठवा, टेक्निकल टीमकडे द्यायला सांगा. फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागून घ्या. तक्रार न सोडवताच बंद केली, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच नंबर द्यावा लागतो.