डॅन्यूबवरची छोटी क्रूझ: जेट लॅग कसा आटोक्यात ठेवावा

‘पोहोचल्यावर सकाळचे कोवळे ऊन घ्या, जेट लॅग पळेल.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. मुंबई-पुण्याहून युरोपला जाणाऱ्यासाठी पहिले दोन दिवस तो चुकीचा आहे. त्याने जेट लॅग, म्हणजे शरीराचे घड्याळ आणि तिथली वेळ यांची फारकत, लांबतो. सात दिवसांच्या क्रूझमध्ये दोन दिवस वाया गेले तर एक वेळ चालते. डॅन्यूब नदीवर जर्मनीतले पासाऊ ते हंगेरीतले बुडापेस्ट अशा चार-पाच रात्रींच्या क्रूझमध्ये मात्र निम्मी सहल पेंगण्यात जाते, आणि ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे बघायच्या वेळी माणूस लाउंजमध्ये मान टाकून बसलेला असतो.

आधी हिशेब नीट समजून घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, उरलेल्या काळात साडेचार. म्हणजे शरीराचे घड्याळ मागे सरकवायचे आहे, उशिरा झोपायचे आणि उशिरा उठायचे. ही सोपी दिशा आहे. उजेड योग्य वेळी मिळाला तर घड्याळ दिवसाला एक-दीड तास सहज सरकते.

बुकिंग करताना

दिशा निवडता येत असेल तर पासाऊहून बुडापेस्टकडे जाणारी क्रूझ घ्या. बुडापेस्टचे दिवे बघायची फेरी रात्री नऊ-दहाला असते, म्हणजे आपल्याकडचे साडेबारा-दीड. ती शेवटच्या रात्री आली तर जागे राहून बघता येते. उलट दिशेच्या क्रूझवर ती अनेकदा पहिल्याच संध्याकाळी येते.

बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी पोहोचा आणि एक रात्र म्युनिकला किंवा पासाऊला काढा. क्रूझ जितकी छोटी, तितका हा जास्तीचा दिवस मोलाचा. म्युनिक विमानतळाहून पासाऊ रस्त्याने दोन तासांवर आहे.

केबिन बोटीच्या मधल्या भागातली मागा. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर असते आणि पुढच्या टोकाला धक्क्याला लागताना थ्रस्टरचा, म्हणजे बोट आडवी सरकवणाऱ्या पंख्याचा, आवाज येतो. पासाऊ ते व्हिएन्ना या टप्प्यात योखेनस्टाइनपासून ग्राइफेनस्टाइनपर्यंत नऊ जलपाश आहेत, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे अरुंद हौद. त्यांतले काही रात्रीच ओलांडले जातात, तेव्हा बोट भिंतीला घासल्याचा आवाज येऊ शकतो. इअरप्लग सोबत ठेवा.

निघण्याआधी आणि विमानात

निघण्याआधीचे तीन दिवस रोज अर्धा तास उशिरा झोपा आणि तितकेच उशिरा उठा. पहाटे पाचला उठून योगासने किंवा फिरायला जाणाऱ्यांनी हे अजिबात टाळू नये. आपले पाच म्हणजे तिथले रात्रीचे दीड, आणि सवयीने डोळे त्याच वेळी उघडतात.

मुंबईहून म्युनिक-फ्रँकफर्टची थेट विमाने बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री दीड म्हणजे तिथले दहा, त्यामुळे विमानातली रात्र हीच तिथली रात्र असते. घरून किंवा विमानतळावर जेवून घ्या. विमानातले रात्री अडीचचे जेवण नाकारा, पडद्यावरचा सिनेमा सुरूच करू नका, डोळ्यांवर पट्टी लावून झोपा. सहा तास अर्धवट झोप मिळाली तरी पहिला दिवस निभावतो.

पहिला दिवस

सकाळी सहा-सातला उतरल्यावर गॉगल लावा आणि आठपर्यंत काढू नका. कारण पुढे येईलच. हॉटेलची किंवा बोटीची खोली दुपारी तीनच्या आसपास मिळते. तोवर चालत राहा. अगदीच राहवले नाही तर दुपारी दोनच्या आत, खुर्चीत बसून, गजर लावून वीस-तीस मिनिटांची डुलकी काढा. त्याहून जास्त नाही, आणि गादीवर तर नाहीच. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद.

संध्याकाळी पाच ते रात्री दहा

सगळी लढाई या पाच तासांत आहे. बहुतेक जण इथेच हरतात आणि दोष पहाटेच्या जागरणाला देतात.

काय घडते ते बघा. फेरफटका आटोपून माणसे पाचला बोटीवर परततात. शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जेवण सातला आहे, मग ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून केबिनमध्ये जातात. पडदा ओढलेला, गादी मऊ, बोट संथ चालीने निघालेली, खालून एकसुरी घुं-घुं. डोळा लागतो तो थेट रात्री अकराला उघडतो. जेवण चुकते, पुढची झोप उडते आणि दुसऱ्या दिवशीची फेरी हातची जाते. रिव्हर क्रूझवर हा धोका हॉटेलपेक्षा जास्त असतो, कारण इथे अंथरूण कायम दोन मिनिटांच्या अंतरावर आहे. पहिल्या दोन संध्याकाळी रात्री साडेनऊपर्यंत केबिनमध्ये फक्त आंघोळ करायला आणि कपडे बदलायला जायचे. पलंगावर बसायचेसुद्धा नाही.

पाचला काहीतरी हलके खा. खाकरा, भाजक्या पोह्यांचा चिवडा, एखादे फळ. आपल्या जेवणाची वेळ होत आलेली असते आणि रिकाम्या पोटी पेंग लवकर येते. मग वर सनडेकवर जा आणि गॉगल काढून ठेवा. सूर्याकडे बघायचे नाही, पण उघड्या आकाशाखाली, तोंडावर उजेड येईल असे बसायचे किंवा फेऱ्या मारायच्या. या बोटी साधारण १३५ मीटर लांब असतात, त्यामुळे डेकवर फिरायला ऐसपैस जागा मिळते. पूल खूप ठेंगणे असलेल्या टप्प्यात डेक बंद ठेवतात. तेव्हा लाउंजमध्ये सर्वांत पुढच्या काचेजवळची खुर्ची धरा.

उजेड हेच औषध, आणि त्याचा परिणाम वेळेवर ठरतो. शरीराचे तापमान पहाटे एका क्षणी सर्वांत खाली जाते, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास. त्या क्षणाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकते, नंतरच्या तासांत पडला तर पुढे. घरी साडेसहाला उठणाऱ्याचा हा क्षण आपल्या चारच्या सुमारास येतो, म्हणजे तिथल्या रात्री साडेबाराला. म्हणून तिथल्या संध्याकाळी सहा ते नऊचा उजेड आपल्याला हव्या त्या दिशेने ढकलतो. पहाटे पाच ते आठचा उजेड मात्र घड्याळाला परत मुंबईकडे ओढतो. जूनच्या अखेरीस व्हिएन्नात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात: हवा तो उजेड आणि नको तोही.

सप्टेंबरमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो. मग साडेचारपासूनच डेक गाठा. डिसेंबरच्या नाताळ बाजारांच्या क्रूझवर चारलाच अंधार पडतो आणि फरक साडेचार तासांचा असतो. तेव्हा संध्याकाळी लाउंजमधल्या सर्वांत झगमगीत कोपऱ्यात बसा आणि बाजारात पायी हिंडा. सकाळचा सूर्य त्या दिवसांत पावणेआठच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटेच्या उजेडाची चिंता उरत नाही.

जेवण दीड-दोन तास चालते. टेबलावर मान डुलू लागली तर उठा, दोन मिनिटे बाहेरच्या वाऱ्यात उभे राहा, परत या. जेवणासोबतची वाइन पहिल्या दोन रात्री टाळलेलीच बरी. तिने झोप पटकन लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. पहिल्या रात्री दहाला झोपा, दुसऱ्या रात्री साडेदहाला. सत्तरीच्या पुढच्यांना नऊला सूट द्यावी, त्याआधी नको.

पहाटे साडेतीनची जाग

संध्याकाळ नीट पार पडली तरी पहिल्या दोन रात्री ही जाग येतेच. शरीरासाठी सकाळचे सात वाजलेले असतात. चहाची तल्लफ येते, पोट साफ व्हायची वेळही तीच असते. उठा, जाऊन या, परत आडवे व्हा. बाथरूमचा पांढरा दिवा लावू नका. त्यासाठी उशाशी छोटी मंद बॅटरी ठेवा.

फोन विमान मोडवरच हवा. त्या वेळी घरचे सगळे जागे असतात आणि ‘शुभ सकाळ’चे मेसेज धडाधड येत असतात. एकाला उत्तर दिले की झोप संपली. लाउंजमध्ये चहा-कॉफीचे यंत्र बहुधा रात्रभर चालू असते. तिथे जाणे, सगळे दिवे लावून चहा-बिस्किटे खाणे आणि मग सूर्योदय बघायला डेकवर चढणे याने आदल्या संध्याकाळची सगळी मेहनत वाया जाते. सूर्योदय तिसऱ्या दिवसानंतर बघा.

अर्धा तास झोप लागली नाही तर खुर्चीत बसून, पिवळसर मंद दिव्यात, इअरफोनवर काहीतरी ऐका. पाणी चालेल, खाणे नको. सहाच्या आधी दिवस सुरू करायचा नाही. पडदे आदल्या रात्रीच कपड्यांच्या चिमट्यांनी मधोमध जोडून ठेवा. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात, तेव्हा शेजारच्या बोटीचा दिवाही थेट पलंगावर येतो. सकाळी फेरीसाठी लवकर बाहेर पडावे लागले तर आठपर्यंत टोपी आणि गॉगल. तिसऱ्या दिवसापासून ही बंधने संपतात.

क्रूझ तीन-चार रात्रींचीच असेल तर पूर्ण साडेतीन तासांचा हट्ट धरू नका. दोन तास सरकले तरी पुरे. रात्री साडेनऊला झोप आणि साडेपाचला जाग, एवढ्यात सगळ्या फेऱ्या आणि जेवणे व्यवस्थित बसतात, आणि परतल्यावर सावरणेही सोपे जाते.

मुले न्यू जर्सीहून येणार असतील

आई-बाबा पुण्याहून, मुलगा-सून अमेरिकेहून आणि भेट बोटीवर, असे बेत आता बरेच ठरतात. दोघांचे नियम वेगळे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येणाऱ्यांना सहा तास पुढे सरकायचे असते. पहिल्या दिवशी त्यांनी सकाळी दहापर्यंत गॉगल लावावा आणि साडेदहा ते दोन भरपूर ऊन घ्यावे. दुसऱ्या दिवशी सगळे एक तास अलीकडे. त्यांना रात्री एकपर्यंत झोप येणार नाही आणि तुम्ही चारला उठून बसाल, म्हणून एका केबिनमध्ये दोन्ही पिढ्या घालू नका. रात्रीचे जेवण एकत्र, नाश्ता आपापल्या वेळेला.

गोळ्या

मुंबईहून जाताना मेलाटोनिनचा, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे सांगणाऱ्या हार्मोनच्या गोळीचा, फारसा उपयोग नाही. संध्याकाळी लवकर घेतले तर ते घड्याळ उलट दिशेला ढकलते. त्याचा उपयोग परतीला. रक्त पातळ करणारी औषधे किंवा फिटांवरची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे डोस आणि वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात. बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्या.

परतल्यावर

येताना दिशा अवघड असते. घरी पोहोचेपर्यंत बहुधा मध्यरात्र उलटलेली असते आणि शरीराला रात्रीचे नऊ-दहाच वाटत असतात. दुसऱ्या सकाळी पहाटे फिरायला जाऊ नका. साडेआठ ते दहा या वेळात बाहेर उन्हात राहा, दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर घरातले दिवे मंद ठेवा. मेलाटोनिन घ्यायचे असेल तर तीन मिलिग्रॅमपर्यंत, रात्री नऊच्या सुमारास, तीन रात्री. ऑफिसला परतायचे असेल तर मध्ये एक सुट्टी ठेवा, आणि पहिले दोन दिवस सकाळी लवकर लांबच्या प्रवासाला स्वतः गाडी चालवत जाऊ नका.