ई-नियतकालिकांचा वापर मोजताना मी काय पाहते

ग्रंथालयाच्या वर्गणीच्या नूतनीकरणाची यादी आली की मी आधी काउंटरचे (ई-साहित्याचा वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे) अहवाल उघडते. प्रत्येक प्रकाशकाने आपापल्या पद्धतीने मोजलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. काउंटरचे नियम सगळ्यांना सारखे असतात. प्रकाशकाच्या ॲडमिन खात्यातून अहवाल डाउनलोड करा, किंवा सुशीद्वारे (हे अहवाल संगणकाकडून संगणकाकडे पाठवणाऱ्या व्यवस्थेद्वारे) आपोआप मागवा.

नियतकालिकांसाठी टीआर_जे१ हा लेखांच्या वापराचा अहवाल घ्या. त्यात ‘टोटल’ आणि ‘युनिक’ अशा दोन ओळी असतात. वाचकाने लेख आधी एचटीएमएलमध्ये उघडला आणि त्याच सत्रात थोड्या वेळाने पीडीएफ घेतली, तर टोटलमध्ये दोन वापर धरले जातात, युनिकमध्ये एकच. (त्याच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत पुन्हा क्लिक झालं, तर टोटलमध्येही एकदाच मोजतात.) काही प्लॅटफॉर्म एचटीएमएल आपणहून उघडतात आणि टोटल फुगतो, म्हणून मी युनिकच धरते. वर्षाची वर्गणी भागिले युनिक, हा एका वापराचा खर्च.

हा खर्च जास्त दिसला म्हणून लगेच काट मारू नका. लहान विभागाचं नियतकालिक कमीच वाचलं जाणार; त्याची तुलना वैद्यकशास्त्राशी करणं अन्यायाचं आहे. त्याच विषयातली नियतकालिकं शेजारी ठेवा, तीन वर्षांचे आकडे पाहा. आकडा अचानक शून्यावर आला, तर आधी प्रॉक्सीची (वाचकांना बाहेरूनही प्रवेश देणाऱ्या सर्व्हरची) नोंद आणि कॅटलॉगमधला दुवा तपासा.

टीआर_जे२ हा दुसरा अहवाल मात्र चुकवू नका. वर्गणी नसल्याने वाचक कुठून रिकाम्या हाताने परतले, ते तिथे दिसतं. नव्या खरेदीची यादी मी तिथूनच सुरू करते.