इंजिन बाहेर आहे तोवर स्टिअरिंग रॅक बदलताय? या चुका टाळा

आडव्या इंजिनाच्या गाडीत स्टिअरिंग रॅक, म्हणजे व्हीलचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा, इंजिनामागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) पायथ्याशी दडलेला असतो. एरवी तो काढायचा म्हणजे सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) खाली घ्या, सायलेन्सरचा पाइप सोडा, न दिसणाऱ्या नटावर अंदाजाने पाना चढवा. त्यामुळे ओव्हरहॉलसाठी इंजिन उतरवलं आणि रॅक समोर उघडा दिसला की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले. जुनी सेडान, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग. तासाभरात रॅक बाहेर आला. पण काम सोपं दिसलं की माणूस निष्काळजी होतो, तसा मी झालो.

पहिली चूक गाडीच्या आत बसून केली. रॅकपासून कॉलमचा, म्हणजे व्हीलखालच्या दांड्याचा, जोड सुटला की स्टिअरिंग व्हील मोकळं फिरतं. एअरबॅगच्या गाडीत व्हीलखाली क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे एअरबॅग आणि हॉर्नची गुंडाळलेली चपटी वायर. तिला ठरावीक फेऱ्यांपुरतीच ढील असते. मी सीटवर सरकताना व्हील धरून दोन-तीनदा गरगर फिरवलं. गाडी तयार झाल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्न मुका. जोड सोडण्याआधी चाकं सरळ करा, बॅटरीची वायर काढा आणि सीट बेल्ट व्हीलमधून ओवून बकल लावून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

आता रॅकचा मध्य. नवा रॅक खोक्यातून मधोमध येईलच, असं धरून चालू नका. पिनियन, म्हणजे रॅक सरकवणारं छोटं दातेरी चाक, त्याच्या दांड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजा. साडेतीन भरल्या तर पावणेदोनवर मध्य. तिथे खूण करा आणि मगच जोड चढवा. काही पिनियनच्या दांड्यावर एक दात मुद्दाम गाळलेला असतो, तिथे जोड एकाच जागी बसतो. नसेल तर चुकायला भरपूर वाव. ३६ दातांच्या दांड्यावर एक दात चुकला की व्हील १० अंश वाकडं. मग अलाइनमेंटवाला म्हणतो, "साहेब, टाय रॉडनं काढून देतो." टाय रॉड म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा. व्हील सरळ दिसेलही, पण रॅक मधून सरकलेलाच राहतो. गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. हे टाय रॉडचं दुखणं नाही, जोड उतरवूनच बसवा.

त्याच जोडाचा बोल्ट नीट बघा, कारण इथली चूक जिवावर बेतते. पिनियनच्या दांड्याला आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जायला हवा. जोड अर्धवट चढला असेल तर बोल्ट दांड्याच्या टोकापलीकडून मुकाट आरपार जातो, आवळलाही जातो, आणि वाटतं झालं काम. टॉर्च मारा, जोड वर ओढून पाहा. तसूभरही हलता कामा नये.

पॉवर स्टिअरिंगचे पाइप इंजिन चढवण्याआधीच रॅकला जोडा. नट आधी बोटांनी आटे पकडेपर्यंत फिरवा, पाना नंतर. ओ-रिंग नवीच टाका. मी "इंजिन बसलं की लावू" म्हणालो होतो. इंजिन बसल्यावर तिथे पाना सोडा, बोटही पोचेना.

टाय रॉड एन्ड काढताना किती फेऱ्यांत सुटला ते मोजून लिहून ठेवा. पण इंजिन बाहेर असताना टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) सेट करायच्या भानगडीत पडू नका. पुढचं शंभर किलोहून जास्त वजन गेलेलं असतं, गाडी नाक वर करून उभी असते, टाय रॉडचा कोनच खोटा. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट सोडले असतील तर तेही शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा. आणि हो, वजन मागे गेल्यामुळे स्टँडवरची गाडी डुलते. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

इंजिन चढल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पुढची चाकं उचला, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत कंपनीने सांगितलेलं ऑइल भरा आणि इंजिन बंद ठेवूनच व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहा. पातळी उतरेल तसं ऑइल घाला. बुडबुडे थांबले की मग स्टार्ट. पंप घरघरला किंवा ऑइलवर फेस आला तर हवा अजून आत आहे. व्हील टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंपावर फुकट ताण येतो.

वळण घेतल्यावर व्हील आपसूक परत येत नसेल तर अनेक जण रॅकच्या मागच्या अॅडजस्टिंग स्क्रूला पाना लावतात. नव्या रॅकच्या त्या स्क्रूला हात लावू नका. आधी कॉलमचा जोड अडकतोय का ते पाहा. खड्ड्यात ठकठक येत असेल तर बहुधा रॅकच्या माउंटिंगचा बोल्ट ढिला असतो, आणि तो आता इंजिनामागे असतो. म्हणून मी हल्ली प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो. इंजिन चेनब्लॉकवर लटकत असतानाच टॉर्चने रेघा मोजतो. माझ्या गाडीत सात: माउंटिंगच्या चार, पाइपच्या दोन, जोडाची एक. सात भरल्या की साखळी सोडायला सांगतो.