शिसे-जस्ताच्या क्षेत्राचे जुने अहवाल वाचताना या चुका टाळा

राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यातला रामपुरा-आगुचा येथील शिसे-जस्ताचा साठा १९७७ मध्ये सापडला, असे वाचायला मिळते. वाक्य खरे आहे. मात्र त्यावरून तेथे आधी कोणी पोहोचलेच नव्हते असे समजू नये. जुन्या खोदकामाच्या खुणा आणि धातुमळीचे (धातू गाळल्यावर उरलेल्या कचऱ्याचे) ढीग तेथे उघड्यावर पडलेले होते. अहवालातील ‘शोध’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘आधुनिक पद्धतीने पुन्हा घेतलेली दखल’ एवढाच असतो.

त्याच्या उलट दिशेची चूकही सर्रास होते. साठा जस्ताचा आणि शेजारी धातुमळी, म्हणजे पूर्वज जस्त गाळत होते, असा तर्क केला जातो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे साध्या भट्टीत ते वाफ होऊन निसटते. आगुच्याची धातुमळी शिसे आणि चांदी मिळवण्याच्या उद्योगाची आहे. जस्त काढल्याचा पुरावा पाहायचा तर उदयपूरजवळच्या जावरला जावे. तेथे वाफ खाली उतरवून थंड करण्यासाठी वापरलेल्या, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी इतक्या प्रचंड संख्येने पडल्या आहेत की लोकांनी त्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचल्या. याच जावरच्या खाणी कथलाच्या असल्याचे आणि त्या मेवाडच्या राणा लाखाच्या काळात सापडल्याचे राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले होते. पण तेथील धातू जस्त आहे, आणि खाणीतील लाकडाच्या रेडिओकार्बन पद्धतीने काढलेल्या तारखा दोन हजार वर्षांपलीकडे जातात. नामवंताचे वाक्य म्हणून ते पुढच्या अहवालात तसेच उतरवू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र गॉसनच्या बाबतीत होते. गॉसन म्हणजे सल्फाइड खनिजे हवापाण्याने कुजून पृष्ठभागावर उरलेला तांबूस-पिवळा, सच्छिद्र, लोहयुक्त खडक. त्याच्या नमुन्यांत जस्त नगण्य आले की क्षेत्र निकामी ठरवण्याचा मोह होतो. वास्तविक पायराइट (लोहाचे सल्फाइड) कुजताना आम्ल तयार होते, त्यात जस्त विरघळून पाण्याबरोबर निघून जाते, तर शिशाची संयुगे फारशी विरघळत नसल्याने जागीच राहतात. म्हणून अशा वेळी शिसे, चांदी, अँटिमनी आणि बेरियम यांचे आकडे पाहावेत आणि निर्णय भूजलपातळीखालच्या ताज्या खडकापर्यंत राखून ठेवावा. यजमान खडक, म्हणजे साठा ज्यात आहे तो खडक, डोलोमाइट (कार्बोनेटचा खडक) असेल तर हा नियम ढिला पडतो, कारण डोलोमाइट आम्ल मारतो आणि जस्त कार्बोनेटच्या रूपाने तेथेच अडकते. मग विश्लेषणात टक्का चांगला दिसतो, परंतु ते जस्त सल्फाइडसाठी बेतलेल्या फेनप्लवनात (फेसावर खनिज तरंगवून वेगळे करण्याच्या पद्धतीत) नीट हाती लागत नाही. अहवालात ‘जस्त’ असा एकच स्तंभ असेल तर तो ऑक्सिडीभूत (वरच्या, कुजलेल्या) पट्ट्याचा की सल्फाइडचा, हे आधी तपासावे.

भूभौतिक नकाशावरची ठळक विसंगती (आसपासच्यापेक्षा वेगळे मोजमाप) म्हणजे धातुक, म्हणजेच धातू काढण्याजोगा खडक, असे मानणेही धोक्याचे आहे. स्फॅलेराइट हे जस्ताचे मुख्य सल्फाइड खनिज विजेचे मंद वाहक आहे. नकाशावर उजळून दिसते ते बहुधा ग्रॅफाइट किंवा पायरोटाइट (लोहाचे आणखी एक सल्फाइड). आगुच्याचा साठा ग्रॅफाइटयुक्त अभ्रक-सिलिमनाइट शिस्टमध्येच (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकातच) असल्याने तेथे विद्युत विसंगतीवर एकट्याने भरवसा ठेवता येत नाही. गुरुत्वमापनाची जोड द्यावी, कारण गॅलेनाची (शिशाच्या सल्फाइडची) घनता सुमारे ७.५ आणि स्फॅलेराइटची सुमारे ४ आहे, ग्रॅफाइट मात्र हलके आहे.

खडकात घेतलेल्या वेधन-छिद्रांच्या नोंदींतल्या चुका साध्या अंकगणिताच्या असतात, आणि म्हणूनच त्या कोणी तपासत नाही. एका मीटरला १२ टक्के आणि पुढच्या पाच मीटरला ३ टक्के जस्त असेल तर सरासरी साडेसात नव्हे, साडेचार टक्के येते. छिद्र पट्ट्याला ४५ अंशांनी छेदत असेल तर दहा मीटरच्या गाभ्यामागे (छिद्रातून काढलेल्या खडकाच्या दांड्यामागे) खरी जाडी सातच मीटर भरते. शुद्ध स्फॅलेराइटमध्येही जस्त ६७ टक्केच असते, त्यामुळे खनिजाचा टक्का आणि धातूचा टक्का यांची गल्लत करू नये.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला आणखी एक सावधगिरी लागते. बेसाल्टचे आडवे थर पाहत वाढलेला डोळा दोन छिद्रांमधला धातुकपट्टा नकळत आडवा जोडतो. अरवलीतील खडक रूपांतरित आणि वळ्या पडलेले आहेत, पट्टे तीव्र उताराचे आणि भिंगासारखे निमुळते होणारे आहेत. म्हणून छेद काढताना गाभ्यातील पत्रणाचा (खडकाच्या पापुद्र्यांचा) कोन पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये.

जागेच्या नोंदींत राजसमंद जिल्ह्यातल्या राजपुरा-दरीबा या शिसे-जस्ताच्या क्षेत्रासारखी उदाहरणे चकवतात. राजसमंद जिल्हा १९९१ मध्ये उदयपूरमधून वेगळा झाला, त्यामुळे जुने कागद उदयपूरच्या नावाने शोधावे लागतात. शिवाय जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) बेतलेले आहेत. ते रूपांतर न करता जीपीएसमध्ये भरले तर छिद्राचे तोंड शंभर मीटरच्या आसपास सरकू शकते. मोजणी सुरू करण्यापूर्वी जुन्या छिद्रांवरचे सिमेंटचे ठोकळे प्रत्यक्ष शोधावेत आणि त्यांवरचा क्रमांक नोंदवहीशी जुळवून घ्यावा.