ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणाला कोणतं फोल्डर उघडू द्यायचं: विंडोजमध्ये परवानग्या नीट लावण्याची पद्धत

फोल्डर 'हिडन' करणं म्हणजे सुरक्षा नव्हे. फोल्डरला पासवर्ड लावून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर तर त्याहून वाईट, कारण ते बिघडलं की मालकच बाहेर राहतो. विंडोजमध्ये यासाठी चोख सोय आहे आणि ती आजची नाही. एनटीएफएस ही फाईल पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली, तेव्हापासून प्रत्येक फाईल आणि फोल्डरला स्वतःची परवानग्यांची यादी असते. ती यादी नीट लिहायची, एवढंच काम.

उदाहरणासाठी नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेत जागोजागी दिसतं तसं कर सल्लागाराचं ऑफिस घेऊ. मुख्य साहेब, एक अकाउंटंट, तीन आर्टिकलशिपची (सीए होण्याआधी ऑफिसात काम शिकणारी) मुलं, आणि सगळ्यांचं काम एका कॉम्प्युटरवर. डी ड्राईव्हवर 'ऑफिस' नावाचं फोल्डर, त्यात तीन फोल्डर: 'अशील', 'पगार' आणि 'नमुने'. अशिलांची कामं सगळ्यांनी करायची, पगार फक्त साहेब आणि अकाउंटंटने पाहायचा, नमुने सगळ्यांनी वाचायचे पण बदलायचे नाहीत.

आधी प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा, पासवर्डसकट. 'ऑफिस' नावाचं एकच खातं आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, असं असेल तर पुढचं काहीच वाचू नका, त्याचा उपयोग नाही. मुलांची खाती 'स्टँडर्ड' हवीत. सगळे ॲडमिनिस्ट्रेटर असतील तर परवानग्या नावापुरत्या राहतात, कारण ॲडमिनिस्ट्रेटर कोणत्याही फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो.

मग गट करा. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'लोकल यूझर्स अँड ग्रुप्स' आहे, तिथे 'सर्व-कर्मचारी' आणि 'पगार-पाहणारे' असे दोन गट. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी मिळत नाही, म्हणून ऑफिससाठी प्रो घ्या. परवानगी नेहमी गटाला द्यायची, माणसाच्या नावाला कधीच नाही. आर्टिकलची मुलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्यांची नावं दहा फोल्डरांत शोधत बसायला कोणाला वेळ आहे? आणि एक गोष्ट लगेच करा: मुख्य साहेबांचं खातं दोन्ही गटांत घाला, ते ॲडमिनिस्ट्रेटर असले तरी. कारण पुढे येतंच आहे.

आता खरी अडचणीची पायरी: वरून आलेल्या परवानग्या तोडणं. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला, आणि लोकही इथेच अडकतात.

'पगार' फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. यादीत 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' (म्हणजे लॉगिन केलेला कोणीही) दिसेल आणि त्यांना 'मॉडिफाय', म्हणजे बदलण्या-पुसण्याची परवानगी, असेल. तुम्ही ते दिलेलं नाही. नव्या डेटा ड्राईव्हवर विंडोज ते मुळापाशीच, म्हणजे ड्राईव्हच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, लावून ठेवतं आणि तिथून ते खालच्या प्रत्येक फोल्डरमध्ये उतरतं. म्हणून तर डी ड्राईव्हवर कोणीही कोणाची फाईल बदलू शकतो. हे नाव इथून काढायला गेलात तर विंडोज काढू देत नाही, कारण ते वरून आलेलं आहे.

इथे माणूस वैतागतो आणि 'डिनाय'च्या (मनाईच्या) चौकटीत टिक करतो. हे करू नका. 'यूझर्स' गटाला डिनाय केलं की त्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलेला प्रत्येक जण बाहेर पडतो, साहेबसुद्धा, कारण तेही त्याच गटात मोडतात. एकाच यादीत डिनाय आणि अलाउ समोरासमोर आले की डिनाय जिंकतं. मग फोन येतो, "भाऊ, फोल्डर उघडूनच नाही राहिलं." माझं मत पक्कं आहे: छोट्या ऑफिसात डिनायला हात लावायची गरज पडतच नाही. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत ठेवू नका, बस.

बरोबर रस्ता असा. सिक्युरिटीमध्येच 'ॲडव्हान्स्ड' दाबा, तिथे 'डिसेबल इनहेरिटन्स'. विंडोज दोन पर्याय विचारेल. पहिला 'कन्व्हर्ट', म्हणजे वरून आलेल्या नोंदी इथल्या स्वतःच्या करून ठेव. दुसरा 'रिमूव्ह', म्हणजे त्या सगळ्या पुसून टाक. डोळे मिटून पहिला निवडा. दुसऱ्यात 'सिस्टम' (खुद्द विंडोजचं खातं) आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'सुद्धा उडतात, मग बॅकअपचं सॉफ्टवेअर त्या फोल्डरपाशी अडू शकतं आणि ते कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. कन्व्हर्ट झाल्यावर 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' आणि 'यूझर्स' या दोनच नोंदी काढा, 'सिस्टम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्या, आणि 'पगार-पाहणारे' हा गट 'मॉडिफाय' देऊन जोडा.

फुल कंट्रोल नको. मॉडिफायमध्ये फाईल करणं, बदलणं, पुसणं सगळं येतं, फक्त परवानग्या बदलता येत नाहीत, आणि तेच हवं आहे. उलट काटकसर करून नुसतं 'राइट' देऊ नका. वर्ड फाईल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल बनवतं आणि मग जुनीच्या जागी ती ठेवतं. पुसण्याची परवानगी नसेल तर सेव्ह करतानाच अडतं आणि मुलं डेस्कटॉपवर प्रती काढायला लागतात.

आता साहेबांना गटात का घातलं ते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलं तरी फाईल एक्सप्लोरर एरवी साध्या अधिकारांवर चालतो. त्यामुळे साहेब गटात नसतील तर 'पगार' उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो आणि खाली 'कंटिन्यू'चं बटण. ते दाबलं की फोल्डर उघडतं, पण विंडोज त्या खात्याचं नाव यादीत कायमचं लिहून ठेवतं. वर्षभरात अशी नावं जागोजागी साचतात आणि कोणाला कुठे प्रवेश आहे हे सांगता येत नाही.

'अशील' आणि 'नमुने' यांचंही असंच: पहिल्यात 'सर्व-कर्मचारी' गटाला मॉडिफाय, दुसऱ्यात 'रीड अँड एक्झिक्यूट', म्हणजे नुसतं उघडून वाचणं. नमुने कोणीतरी बदलायचे असतातच, तेवढ्यासाठी तिथे 'पगार-पाहणारे' गटाला मॉडिफाय द्या. परवानग्या तोडायच्या त्या या तीनच फोल्डरांवर, त्याखाली कुठेच नाही. एखादं काम गुप्त असेल तर चौथं फोल्डर वरच्या पातळीवर करा. आत पाचव्या थरात तोडलेली परवानगी पुढच्या माणसाला सापडत नाही.

जुन्या फाईलींच्या स्वतःच्या वेगळ्या नोंदी असतील तर ॲडव्हान्स्डच्या खिडकीत तळाला 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट…'ची चौकट आहे. ती फक्त या तीन फोल्डरांवर वापरा. सी ड्राईव्हवर कधीही नाही.

तपासणीसाठी 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'चा टॅब आहे, मुलाचं नाव टाकून बघा. पण खरी परीक्षा त्याच्या खात्यातून लॉगिन करून फाईल उघडणं, बदलणं आणि पुसणं हीच. गटात नवं नाव घातलं असेल तर त्या माणसाला एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं. गट लॉगिनच्या वेळी वाचले जातात, त्यामुळे "दिलं तरी चालत नाही" या तक्रारीला बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

त्याच ड्राईव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कट-पेस्ट केलेली फाईल जुन्या परवानग्या सोबत आणू शकते. कॉपी करा, मग मूळ फाईल पुसा, म्हणजे नव्या फोल्डरचे नियम लागतात. पेन ड्राईव्ह सहसा एक्सफॅट किंवा फॅट ३२ मध्ये असतो आणि तिथे परवानग्याच नसतात, पगाराची फाईल त्यावर गेली की ती सगळ्यांची. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी तिथला ॲडमिनिस्ट्रेटर मालकी घेऊ शकतो. त्यावर उपाय बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राईव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आणि त्याची रिकव्हरी की (कुलूप अडलं तर उघडायचा आकडा) कागदावर छापून तिजोरीत.

मुलगा आर्टिकलशिप संपवून गेला की खातं पुसू नका, 'डिसेबल' करा आणि गटांतून काढा. पुसलं तर त्याच्या जुन्या नोंदींच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि एक लांबलचक आकडा दिसतो. त्याच नावाने खातं पुन्हा उघडलं तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस असतो, आणि जुना प्रवेश त्याला मिळत नाही.